जांभळं पाकीट

३ मार्च

ताई,

नमस्कार. खुर्चीतून उठून, नीट वाकून केला आहे. कंबर आता बरी आहे हे त्यावरूनच समजून घे.

परवा फोन केला तेव्हा तुझं 'काय? काय?' आणि माझं ओरडणं ऐकून शेजारचा शिंपी दुकान सोडून विचारायला आला, कुणी गेलं का म्हणून. एकतीस वर्षं त्या तारा वळायच्या यंत्रांमध्ये बसून तू कान घालवलेस, आणि आता माझा घसा घालवायला निघालीस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू मला मध्येच तोडत नाहीस.

बातमी मोठी आहे. त्या गाणाऱ्या बाई माझ्या दुकानात आल्या होत्या. स्वतः. आपली गिटार छातीशी धरून, तान्हं मूल दवाखान्यात आणतात तशी. वाद्य माझ्याहून वयानं मोठं आहे. आतल्या दोन पट्ट्या सुटल्या होत्या, मानेला बाक आला होता. गावात सहा दुकानं असताना त्या माझ्याकडे आल्या याचा अर्थ तू काढ, मी काढला तर फुशारकी होईल. सव्वीस तारखेला मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम आहे आणि मला पहिल्या रांगेतली खुर्ची दिली आहे.

पट्ट्या बसवल्या, मान सरळ केली. आता तारा. तारांच्या बाबतीत मी दोनच जाती मानतो, जांभळं पाकीट आणि बाकीची. जांभळं पाकीटवाले शंभर वर्षांहून जास्त काळ गिटारी घडवतात. ज्यानं वाद्य घडवलं त्यालाच त्याचा गळा कळणार, साधी गोष्ट आहे. त्यांनी या महिन्यात 'जुन्या घडणीच्या' म्हणून नव्या तारा काढल्यात. बाईंच्या गिटारीला त्याच लावणार आहे.

राग मानू नकोस, तुमच्या कारखान्याचं राखाडी पाकीटही मी ठेवतो. शिकाऊ लोकांसाठी. वाजतं. पत्र्यासारखं वाजतं, पण वाजतं.

तुझा,
धाकटा


११ मार्च

कानसेन महाराज,

आशीर्वाद. मी आतेबहीण असले तरी चौदा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा ते मला हवे तेवढे वाटता येतात.

बाई तुझ्याकडे आल्या हे वाचून मला फार बरं वाटलं. मामा असता तर दिवसभर दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसला असता. तू निदान पत्रात सांगितलंस.

पत्र्याचं म्हणशील तर मला राग येत नाही. तू दोन रंग ओळखतोस, मला त्याहून जास्त ओळखावे लागतात, एवढंच सांगते. पुढचं विचारू नकोस. कामाला लागले त्या दिवशी एका कागदावर सही केली आहे की कारखान्यात काय बनतं आणि कुणासाठी बनतं ते दाराबाहेर बोलायचं नाही. एकतीस वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही म्हणा. तेव्हा जांभळं चांगलं की राखाडी या वादात मी पडणार नाही. तू बोल, मी इथे हसते.

आमचं टेबल तुला कधी सांगितलं का? मोठ्या हॉलमध्ये सगळी यंत्रं आपापल्या तारा वळत असतात. अगदी शेवटी, खिडकीपाशी, आम्ही चौघीजणी हातानं वळतो. मधली पोलादी तार गरगर फिरत असते, तिच्यावर तांबूस तार चढत असते, आणि ती किती ओढायची, किती सोडायची ते फक्त अंगठा आणि बोट ठरवतं. ऐकू आलं नाही तरी अडत नाही. तार नीट बसली की बोटाला कळतं, जरा ढिली पडली तरी कळतं.

माझा डावा अंगठा वाकडा आहे तो तुला माहीत आहे. तू जन्मायच्या आधी मामाच्या दुकानाच्या दारात चेंगरला होता. त्यामुळे टोकाच्या पितळी मण्यापासून तार चढवायला लागले की तिसऱ्या वेढ्यानंतर हा अंगठा एक श्वास घेतो. तिथं केसाएवढी फट राहते, मग पुढं सगळं घट्ट. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, तारेचं काही बिघडत नाही म्हणाले. मी ती फट तशीच ठेवली. एवढ्या वर्षांत तेवढीच माझी सही.

सव्वीस तारखेला काय झालं ते सविस्तर लिही. शर्टाला इस्त्री कर.

ताई


२९ मार्च

ताई,

इस्त्री केली होती. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो, म्हणजे माझी फजिती सगळ्यांना नीट दिसावी.

पहिली दोन गाणी सोन्यासारखी झाली. तिसऱ्या गाण्याला सगळ्यात जाड तार बसली. तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, तारा तुटतात. ही नुसतीच मेली. सूर जाऊन तिथं भुसभुस राहिली, उशीवर हात मारल्यासारखी. मग चौथी करकरायला लागली. बाईंनी दोनदा खुंट्या पिळल्या, हसल्या, गिटार खाली ठेवली आणि साथीदाराची मागून घेतली. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, काढलेल्या तारा बाकावर ठेवल्या आणि गिटारीचा जुना खोका घेऊन गेला. म्हणजे वाद्य आता माझ्याकडे परत येणार नाही. बाकीच्या पाच दुकानांत ही बातमी माझ्या आधी पोचली.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही हे तुला माहीत आहे. त्याच दिवशी बसून जांभळं पाकीटवाल्यांना चार पानी पत्र लिहिलं. त्या मेलेल्या तारा त्यांच्याच पाकिटात घालून सोबत पाठवल्या. लिहिलं की बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे आणि तार लावण्यात माझी चूक होणं शक्य नाही. ज्या कुणी या तारा वळल्या त्याच्या हातात जीव उरलेला नाही, त्याला घरी बसवा, असंही लिहिलं. ते वाक्य मला फार जमलंय. शिंप्याला वाचून दाखवलं, तो दोनदा वाच म्हणाला.

आणि दुकानात पाटी लावली आहे, 'जांभळं पाकीट येथे मिळणार नाही'. लोक थांबून वाचतात. माझा शब्द या गावात अजून चालतो, ताई. त्यांनाही कळू दे.

तुझं टेबल कसं आहे? अंगठा?

धाकटा


२० एप्रिल

धाकट्या,

उशीर झाला. मुद्दाम केला असं समज. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा उत्तर लिहून फाडलं.

आधी तुझं. बाईंचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण गिटार गेली म्हणजे गेलीच असं धरून बसू नकोस.

आता माझं. टेबलावर मी नाही. दहा दिवस झाले. वळलेल्या तारांबद्दल एका कारागिराची तक्रार आली, सोबत तारा आल्या, पाकिटावरचा आकडा पाहिला तर तो माझ्या हातचा. साहेबांनी बोलावलं. मी तारा हातात घेऊन पाहिल्या आणि म्हटलं, वळण्यात खोट नाही. साहेबांना पटलं नाही. ते वाईट माणूस नाहीत, पण वरच्यांना त्यांना काहीतरी दाखवायचं आहे. मला पाकिटं चिकटवायला बसवलंय. मेअखेर नवं यंत्र येणार आहे, ते आमच्या टेबलाच्या जागी बसेल. म्हणजे मी एकटी नाही, चौघीही उठणार. त्यातली एक तर माझ्याच हाताखाली शिकली. तिला आता काय तोंड दाखवू ते कळत नाही.

तू काळजी करू नकोस. मला माझ्या तारेची खात्री आहे. तुझ्या कानाची तुला जेवढी आहे ना, तेवढीच.

एक काम कर. तू तार कशी लावतोस ते मला सगळं लिही. पाकीट उघडल्यापासून सूर लागेपर्यंत. एकही पायरी गाळू नकोस, आणि हे कशाला असं विचारू नकोस. मोठी बहीण विचारते आहे म्हणून लिही.

ताई


२७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. कोण हा गाढव? राखाडी पाकिटाबद्दल तक्रार करणारा माणूस मी पहिल्यांदा ऐकतो आहे. शिकाऊ तारा त्या, त्यांच्याकडून काय सभागृह हलवायची अपेक्षा होती काय? मला त्याचा पत्ता दे. दोन ओळी लिहितो, पुन्हा आयुष्यात तक्रार करणार नाही. आम्हा कारागिरांत असले दीडशहाणे असतात. स्वतःला काम येत नाही आणि लोकांच्या पोटावर पाय देतात.

तू सांगितलंस म्हणून लिहितो, नाहीतर मला कुणी तार कशी लावतोस असं विचारलं तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

पाकीट उघडतो. आतला कागदाचा कपटा फेकून देतो, त्यात नेहमी तीच बडबड असते. सहाही तारा बाकावर ओळीनं मांडतो. प्रत्येक तार गिटारीवर ताणून मापतो, खुंटीच्या पुढं चार बोटं सोडतो आणि पकडीनं सरळ कापतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग मणी खाली अडकवायचा, टोक खुंटीत घालायचं, पिळायचं. गावात माझ्याइतकं पटकन कुणी तारा बदलत नाही. लोक घड्याळ लावून बघतात.

बाबा मात्र फार वेळ काढायचे. प्रत्येक तार कापायच्या आधी पकडीनं काटकोनात वाकवायचे, मग त्या वाकाच्या पुढं कापायचे. मी विचारलं तर म्हणायचे, सवय आहे. शेवटपर्यंत ती खोड गेली नाही. मी दुकान हातात घेतल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, कापताना वाकवणं बंद. बावीस वर्षांत कधी काही बिघडलं नाही.

बस, एवढंच. आता मला त्या गाढवाचा पत्ता दे.

धाकटा


२ मे

धाकट्या,

पत्र मिळालं. पत्ता देत नाही.

सोबत एक पांढरं पाकीट आहे. त्यावर नाव नाही. आम्हाला वर्षातून एकदा स्वतःच्या हातचा एक जोड घरी नेता येतो, तो मी कधी नेला नव्हता. वाजवणार कोण? या वर्षी साहेबांकडे मागितला. टेबलावर शेवटच्या दिवशी वळलेला आहे. कुणासाठी वळला होता ते विचारायचं नाही.

मामाला खोड नव्हती. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्याच्या बाकापाशी स्टुलावर बसायचे, त्यानं मला सांगितलं होतं. तेव्हाच्या सगळ्या तारांमधल्या पोलादी तारेचा, म्हणजे गाभ्याचा, आकार गोल असायचा. गोल गाभ्यावर बाहेरच्या तारेला धरायला कोपरा नसतो. आधी कापलं की ती टोकापासून हळूच उलगडते, दिसत नाही, पण एक-दोन दिवसांत सैल पडते आणि आवाज मरतो. वाकवलं की ती त्या वाकात अडकून बसते, मग खुशाल काप. पुढं सहा कोनांचा गाभा आला, कोनांवर तार आपोआप अडकायला लागली आणि वाकवायची गरज राहिली नाही. तू धंद्यात आलास तो तेव्हा. मामा का वाकवतो ते त्यालाही कदाचित सांगावंसं वाटलं नसेल, कारण तू घड्याळ लावून तारा बदलत होतास.

या पांढऱ्या पाकिटातला गाभा गोल आहे. आधी वाकव, मग काप. मामाच्याच पकडीनं. आठवडाभर वाजव आणि मग मला लिही. बोलताना मी जपून बोलते, पण तारेनं काय सांगावं यावर कुणी माझी सही घेतलेली नाही.

ताई


२० मे

ताई,

हे पत्र मी उभ्यानं लिहितो आहे. बसवत नाही.

वाकवून कापल्या. बाबांच्या पकडीच्या जबड्यात एका बाजूला खाच पडली आहे, मला वाटायचं जुनी झाली म्हणून. तार त्या खाचेत आपोआप बसते. एवढी वर्षं ती पकड माझ्या हातात आहे आणि मला खाच कशाची ते माहीत नव्हतं.

दुकानातल्या गिटारीला लावल्या. पहिल्या दिवशी चांगल्या वाजल्या. तिसऱ्या दिवशी त्याहून चांगल्या. आठव्या दिवशी शिंपी शिलाई थांबवून ऐकायला लागला. मी त्याला म्हटलं, जांभळं पाकीट यांच्यापुढं पाणी भरेल. म्हणालो आणि मग कुतूहल वाटलं की हे वळलंय कसं. भिंग काढलं.

मण्यापासून तिसऱ्या वेढ्यानंतर केसाएवढी फट. चारही जाड तारांना.

मी मागे जाऊन फळीवरची जांभळी पाकिटं काढली. पाटी लावल्यापासून ती तशीच पडून होती. नऊ पाकिटं उघडली, आतला कपटाही या वेळी वाचला. सात पाकिटांत फट नाही. दोन पाकिटांत आहे. तिसऱ्या वेढ्यानंतर.

मी तुला काही विचारत नाही आणि तू मला काही सांगितलेलं नाहीस. सही तुझी आहे, भिंग माझं आहे.

गाढवाचा पत्ता मिळाला. माझ्याच दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात रंगवलेला आहे.

ताई, 'हातात जीव उरलेला नाही' असं मी लिहिलं. ज्या हातांनी मला सायकल शिकवली, आई आजारी असताना माझी वेणी... वेणी नव्हती, पण भांग पाडला, त्या हातांना. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. सभागृहातही नाही. तिथं निदान राग येत होता, त्याचा आधार होता.

मी काय केलं ते सांगतो. त्या दोन जांभळ्या पाकिटांतल्या एकातल्या तारा वाकवून, कापून, दुसऱ्या गिटारीला लावल्या. पाच दिवस वाजवल्या. मग काढून सगळ्या कंपनीला पाठवल्या, पुन्हा रजिस्टर पोस्टानं, आणि हे पत्र. नक्कल खाली देतो.

"महाशय, मार्चअखेर मी तुमच्या तारांबद्दल चार पानी तक्रार केली होती. ती संपूर्ण चुकीची आहे. तारा गोल गाभ्याच्या होत्या. तुम्ही आतल्या कागदावर कापण्याची रीत दिली होती, तो कागद मी न वाचता फेकला. मी तारा न वाकवता कापल्या. माझे वडील वाकवून कापत असत आणि मी त्याला त्यांची खोड समजत होतो. आधी वाकवा, मग कापा, एवढं साधं आहे, आणि बावीस वर्षं काम केलेल्या कारागिराला ते माहीत नव्हतं. सोबत त्याच घडणीच्या, नीट कापलेल्या तारा आहेत. कुठल्याही जाणकाराला दाखवा. या तारा वळणाऱ्याच्या हातात जीव आहे. माझ्या हातात अक्कल नव्हती. या तक्रारीमुळे कुणाला कामावरून हलवलं असेल तर कृपा करून त्याला परत बसवा. हे पत्र तुम्ही कुणालाही वाचून दाखवू शकता."

तुझा उल्लेख कुठंही नाही. वडील आठवले असं लिहिलं, ते खोटं नाही.

दुकानातली पाटी उतरवली. जागा रिकामी दिसायला नको म्हणून तिथं या पत्राची नक्कल लावली. बाकीच्या पाच दुकानांतले पाचही जण येऊन वाचून गेले. एकानं उतरवूनही घेतली. गावभर हसतायत, हसू देत.

मग बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एकदा त्यांनी अख्खं गाणं चुकीच्या पट्टीत रेटलं होतं, कुणाला कळलं नाही, तेव्हा त्या कुणाला सांगायला गेल्या नाहीत. मग आत जाऊन गिटार घेऊन आल्या. मी उरलेल्या दुसऱ्या जांभळ्या पाकिटातल्या तुझ्या तारा लावल्या. त्यांच्यासमोर, एक-एक वाकवून, घड्याळ न लावता.

मेअखेर जवळ आली आहे. पत्र वेळेत पोचेल ना? मला झोप नाही.

धाकटा


३ जून

धाकट्या,

आधी हे वाच आणि मग निवांत झोप. मी खिडकीपाशी आहे.

आता पुढचं मी गोष्टीसारखं सांगणार, कारण कागदावरची सही मी अजून मोडलेली नाही आणि एवढ्यासाठी मोडणारही नाही. समज, कुठंतरी एक कारखाना आहे. माझा नव्हे. तिथं एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई तारा वळते. एक दिवस साहेब तिला एक तक्रार दाखवतात. चार पानं. समास चारही बाजूंना सोडलेला, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात सरसाचा डाग. त्या बाईच्या मामाच्या पत्रांवर तसाच डाग असायचा. तिनं मजकूर वाचायच्या आधी माणूस ओळखला.

तिनं तारांची टोकं पाहिली. सरळ कापलेली, एकही वाक नाही. तिनं साहेबांना सांगितलं, ही कापण्यातली चूक आहे. साहेब म्हणाले, लिहिणारा बावीस वर्षं काम केलेला कारागीर आहे, त्याला कापता येत नाही असं मी वर कुठल्या तोंडानं सांगू? तुझी बावीस वर्षं तिच्या एकतीस वर्षांवर भारी पडली बघ.

लिहिणारा कोण ते ती बोलली नाही, ते तुला वाचवायला नव्हे, हे नीट समजून घे. तो माझा भाऊ आहे असं म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, घरातलं भांडण आहे. आणि तिला तारेची खात्री होती. फक्त तो हाताच्या जिवाचा एक शब्द वाचून ती रडली. पाकिटं चिकटवता चिकटवता रडली. त्या दिवशीची पाकिटं जास्त पक्की बसली असणार.

मग सत्तावीस तारखेला, यंत्र खोक्यात घालून दारात येऊन पडलं होतं तेव्हा, साहेबांनी चौघींना बोलावलं. त्यांच्या हातात दुसरं पत्र. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. एरवी ते पुटपुटतात, पण त्या बाईचे कान त्यांना माहीत आहेत, म्हणून अगदी ओरडून वाचलं. पाकिटं चिकटवणाऱ्या सगळ्या उठून आल्या. 'माझ्या हातात अक्कल नव्हती' इथं साहेब थांबले, चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. बघ, तुझी वाक्यं लोक दोनदा वाचतातच. जी तिच्या हाताखाली शिकली ती विचारायला लागली, कोण हो हा माणूस? ती बाई म्हणाली, असेल कुणी चांगल्या घरचा.

यंत्र परत गेलं नाही. ते पलीकडच्या कोपऱ्यात बसवलं, राखाडीसाठी. टेबलाला कुणी हात लावला नाही.

तुझा मला फार अभिमान वाटला. पहिल्या पत्राची लाज धरून बसू नकोस. तसलं पत्र कुणीही लिहितो. दुसरं तू लिहिलंस, आणि स्वतःच्या दारावर लावलंस. मामानंही ते केलं नसतं. तो चूक मान्य करायचा, पण फक्त मामीपुढं.

जुलैत आठ दिवस येते. बाईंना विचारून ठेव, त्यांची गिटार घटकाभर माझ्या हनुवटीला टेकवून वाजवतील का? हाडातून अजून सगळं ऐकू येतं. एवढी वर्षं वळते आहे, माझी एकही तार मी मैफिलीत ऐकलेली नाही.

आणि एक राहिलंच. काल पाकिटांचा नवा गठ्ठा छापून आला. कुठल्या रंगाचा ते सांगत नाही, तुझ्या दुकानात येईल तेव्हा कळेल. आतला कपटा कुणी वाचत नाही हे वरच्यांना आता पटलंय, म्हणून झडपेवरच, ठळक लाल अक्षरात, पकडीच्या चित्रासकट छापलंय: 'आधी वाकवा, मग कापा.' तुझ्या पत्रातून शब्दशः उचललंय. अकरा भाषांत आहे, मी मोजल्या. जिथं जिथं गिटार वाजते तिथं ते जाणार.

खाली तुझं नाव नाही. पण तारेवर माझंही कुठं आहे? आता आपण दोघं सारखे झालो.

ताई